वादळानंतर परमुलखातील लाईनवर काम करताना

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात नारळ-सुपारीच्या बागांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. त्या दुरुस्तीसाठी मी एका ठेकेदाराच्या गँगमधून तिकडे गेलो होतो. खानापूर, बेळगाव, निपाणी भागातील आयटीआय झालेली मुले आता अशा कामाबद्दल विचारतात, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

आपल्या गावाकडे लाईन तोंडपाठ असते. कोणता स्विच कोणता फीडर (उपकेंद्रातून निघणारी मुख्य लाईन) तोडतो, कोणत्या खांबावर दोन लाईन एकत्र येतात, हे कुणाला विचारावे लागत नाही. परमुलखात यातले काहीच ठाऊक नसते, आणि माझ्या मते खांबावर चढण्यापेक्षा हे अनोळखीपणच अधिक धोक्याचे असते. म्हणून स्थानिक लाईनमन सोबत असल्याशिवाय कामाला हात लावू नये. उपकेंद्रातून परमिट, म्हणजे लाईन बंद करून कामाला दिलेली परवानगी, मिळाले तरी ते नेमके कोणत्या लाईनचे आहे, शेजारून दुसरी चालू लाईन जाते का, हे त्याच्याबरोबर चालत जाऊन पाहावे.

नव्या मुलांच्या लक्षात सहसा न येणारी गोष्ट म्हणजे उलटा पुरवठा. वादळानंतर लॉज, दुकाने आणि घरे जनरेटरवर चालतात, आणि चेंजओव्हर स्विच (घर एकतर लाईनवर नाहीतर जनरेटरवर ठेवणारा) न लावता कुणी जनरेटर थेट घरच्या वायरिंगला जोडला, तर ती वीज सर्व्हिस वायरमधून (खांबावरून घरात येणाऱ्या तारेतून) मागे रोहित्रापर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, येते. रोहित्र ११ हजार व्होल्टचे ४३३ व्होल्ट करते, तसेच उलट्या दिशेने खालच्या दाबाचे हजारो व्होल्टही करते. उपकेंद्रातून बंद केलेली लाईन अशी क्षणात जिवंत होऊ शकते. त्यामुळे आधी व्होल्टेज डिटेक्टरने तपासणे आणि मग कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तिन्ही फेजच्या तारा एकत्र जोडून अर्थिंग करणे, म्हणजे त्या जमिनीशी जोडणे, हे प्रत्येक ठिकाणी, कितीही घाई असली तरी, झालेच पाहिजे. ‘मघाशी केले होते’ असे कुणी सांगितले तरी चालत नाही. अर्थिंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज खांबावर चढू नये.

शारीरिक कष्टांची कल्पना आधीच असलेली बरी. खांबाच्या लांबीचा साधारण सहावा भाग जमिनीत जावा लागतो, म्हणजे ८ मीटरच्या खांबाला सव्वा मीटरहून थोडा खोल खड्डा. जांभ्यात तो पहारीने फोडावा लागतो आणि पावसात तो पाण्याने भरत राहतो. बागांच्या अरुंद वाटांवर क्रेन जात नाही, तेव्हा सिमेंटचा खांब माणसांनीच वाहून न्यावा लागतो. खानापूरच्या पावसात वाढलेल्या मुलांना हे जड जाणार नाही, पण गमबूट आणि कोरडे हातमोजे घरूनच न्यावेत.

निघण्याआधी मजुरी, राहण्याची सोय आणि अपघात विमा ठेकेदाराकडून लेखी घ्यावा. यात भीड बाळगू नये. घरच्यांनाही परतीची पक्की तारीख सांगू नये. त्या वर्षी तर करोनामुळे महाराष्ट्रातून कर्नाटकात परतणाऱ्यांना विलगीकरणात राहावे लागत होते, त्यामुळे काम संपले तरी घर लांबच राहिले.

काम ठरावीक क्रमाने चालते: आधी ३३ केव्हीची (३३ हजार व्होल्टची) लाईन आणि उपकेंद्र, मग ११ केव्हीचे फीडर, दवाखाने व पाणीपुरवठा, त्यानंतर वाड्यांची रोहित्रे आणि शेवटी घरोघरच्या सर्व्हिस वायरी. शेवटच्या वाडीतील लोक चिडलेले असतात, आणि त्यांचे चिडणे रास्तच असते. त्यांना खोटा दिवस देऊ नये. रोहित्र आले की नाही, खांब किती उरले, एवढे खरे सांगावे. त्यांच्या दबावाखाली लाईन लवकर चालू करण्याचा मोह होतो, पण चालू करण्यापूर्वी गँगमधील प्रत्येक माणूस खाली आल्याची नावानिशी खात्री करावी, लावलेले प्रत्येक अर्थिंग काढले आहे हे पाहावे, आणि परमिट ज्याने घेतले त्यानेच ते परत करावे.