रस्ते अपघातातील जखमींनी पुण्यात नुकसानभरपाईचा दावा कसा करावा

नवले पुलाजवळचा उतार असो की सोलापूर रस्ता, दुसऱ्याच्या बेदरकार वाहनाखाली जखमी झालेल्या माणसाला जागेवरच ‘मिटवून टाका’ असे सांगणारे कोणी ना कोणी भेटतेच. तो सल्ला मानू नये, कारण आज साधे वाटणारे फ्रॅक्चर पुढे कायमचे अपंगत्व देऊन जाऊ शकते आणि किरकोळ रकमेपोटी लिहून दिलेला कागद नंतर दाव्याच्या आड येतो.

भरपाईचा पाया पहिल्याच दिवशी, रुग्णालयाच्या नोंदीत घातला जातो. दाखल करून घेताना डॉक्टर अपघात कसा झाला हे विचारतात आणि उत्तर एमएलसीच्या (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांशी संबंधित वैद्यकीय नोंदीच्या) कागदावर उतरते. घाबरलेल्या नातेवाइकाने तेथे ‘गाडीवरून घसरून पडला’ असे सांगितले, तर विमा कंपनीचा वकील तेच वाक्य पुढे उलटतपासणीत काढतो. म्हणून धडक देणारे वाहन, त्याचा क्रमांक आणि अपघाताची वेळ तेथेच नोंदवून घ्यावी. त्यानंतर एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले आणि उत्पन्नाचे पुरावे यांच्या प्रती जपून ठेवाव्यात. मूळ बिले मेडिक्लेमसाठी द्यावी लागली, तर त्यांच्या साक्षांकित प्रती आधी घ्याव्यात.

अर्ज मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. पुण्यात त्यासाठी शिवाजीनगरचे जिल्हा न्यायालय गाठावे लागते. अपघात पुण्यात झाला तरी जखमी व्यक्ती बार्शीत राहत असेल, तर ती आपल्या भागातील न्यायाधिकरणाकडेही जाऊ शकते. १ एप्रिल २०२२ पासून अर्जासाठी अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे उपचार पूर्ण होण्याची वाट पाहत बसू नये. वाहनाचा मालक, चालक आणि विमा कंपनी या तिघांनाही प्रतिवादी करावे. फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणून दावा आपोआप बुडत नाही, कारण येथे पुराव्याची कसोटी तितकी कडक नसते.

रक्कम कशी ठरते, हे मात्र नीट समजून घ्यावे. उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी आणि वेदना यांखेरीज कायमच्या अपंगत्वाची भरपाई मिळते, आणि तेथे वैद्यकीय टक्केवारीपेक्षा कमाईवर झालेला परिणाम महत्त्वाचा ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे. पाय आखडल्याने कारकुनाचे जेवढे अडते, त्याहून फार अधिक टेम्पोचालकाचे अडते. समजा, ३८ वर्षांचा टेम्पोचालक महिन्याला २०,००० रुपये कमावत होता आणि त्याची ४० टक्के कमाईक्षमता गेली, असे न्यायाधिकरणाने मानले. वर्षाचे २,४०,००० रुपये, त्यावर भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून ३,३६,०००. त्याचे ४० टक्के म्हणजे १,३४,४००. या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाचे नुकसान ज्याने गुणायचे तो आकडा, १५, म्हणून या एका बाबीचे २०,१६,००० रुपये होतात. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि डॉक्टरांची साक्ष यांत कुचराई केली, तर हाच आकडा कोसळतो. हेल्मेट नसल्यास डोक्याच्या दुखापतीत जखमीचाही निष्काळजीपणा धरून कपात होऊ शकते, हेही दुचाकींच्या या शहरात लक्षात ठेवावे.

रुग्णालयाच्या आवारात ‘क्लेम करून देतो, मिळेल त्यातले इतके टक्के द्या’ म्हणणारे एजंट फिरतात. त्यांच्या हाती कागद देऊ नयेत. भरपाईत हिस्सा मागणे वकिलांच्या व्यावसायिक नियमांतही बसत नाही. महिला, मुले, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर कलम १६१ खालील योजनेतून गंभीर जखमीला ५०,००० रुपये आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. त्यासाठी न्यायाधिकरणाकडे न जाता उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्यापैकी जे दावा चौकशी अधिकारी असतील त्यांच्याकडे अर्ज करावा. मंजुरी जिल्हाधिकारी देतात. वाहनाचा शोध नंतर लागला आणि कलम १६६ खाली भरपाई मिळाली, तर ही रक्कम त्यातून परत करावी लागते.