व्हिटॅमिन डी साठी ऊन कधी आणि कसं घ्यायचं, आणि पावडर कधी

रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी ११ नाहीतर १४ आलं की घरातलं कोणीतरी लगेच सांगणार, "रोज सकाळी कोवळ्या उन्हात बस." सल्ला प्रेमाचा असतो पण कामाचा नसतो. साडेसहा-सातच्या उन्हात बसून छान वाटेल, झोपेचं चक्र सुधारेल, फिरणं होईल, सगळं खरं, पण डी जवळजवळ काही मिळणार नाही. कारण कातडीत डी तयार करायला सूर्याचे यूव्हीबी किरण लागतात, आणि सूर्य खाली असताना ते तिरपे, लांबचा रस्ता कापत येतात, मधल्या ओझोनमध्येच अडकतात, आपल्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे ज्या उन्हापासून आपण पळतो तेच ऊन लागतं, फक्त थोडं आणि बेतानं.

पायरी १ : घड्याळ नको, सावली बघा

उन्हात उभं राहायचं आणि स्वतःची सावली बघायची. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर फारसा फायदा नाही, आखूड असेल तर चालू करा. एवढं सोपं आहे, ॲप वगैरे काही लागत नाही. पुण्याचं उदाहरण घ्या, मे महिन्यात साडेनऊलाच सावली आखूड होते आणि दुपारी साडेतीनपर्यंत तशीच राहते, त्यामुळे उन्हाळ्यात बारा वाजता गच्चीवर जाऊन भाजून घ्यायची काही गरज नाही, साडेनऊ-दहाला उरकून टाका. डिसेंबरमध्ये मात्र ही वेळ जेमतेम साडेअकरा ते दीड एवढीच, आणि थंडीत आपण नेमके सकाळी सात-आठला स्वेटर घालून ऊन खात बसतो! सगळं अंग झाकलेलं आणि सूर्य खाली, मग डी कुठून येणार.

पायरी २ : अंग उघडं ठेवा, काचेच्या बाहेर या

काचेतून यूव्हीबी येत नाही. बंद खिडकीजवळ बसून किंवा गाडीच्या काचा वर करून कितीही ऊन अंगावर आलं तरी डी च्या हिशोबात ते शून्य. गॅलरी चालेल, पण थेट ऊन हवं. तसंच कपड्यांचं. आपल्याकडे टू-व्हीलरवर स्कार्फ, सनकोट, हातमोजे असा जामानिमा करून भर दुपारी गावभर फिरणाऱ्या मुली रोज उन्हात असतात आणि तरी रिपोर्ट कमी येतो, त्यात आश्चर्य काहीच नाही. हात कोपराच्या वरपर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत उघडे ठेवा. चेहऱ्याचं एवढं काही नाही, त्याचं क्षेत्रफळ ते किती, डाग पडायची भीती असेल तर टोपी घाला, चेहऱ्याला सनस्क्रीन लावा, हातापायांनी काम होतं.

किती वेळ? गव्हाळ-सावळ्या कातडीला साधारण २० ते ३० मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा, हा मोघम अंदाज समजा. रंग जितका गडद तितका वेळ जास्त, कारण कातडीला रंग देणारं मेलॅनिन हेच किरण अडवतं. वय वाढलं की कातडीत डी बनवायचा कच्चा माल पण कमी होतो, त्यामुळे आजी-आजोबांना तेवढ्याच उन्हात कमी मिळतं. कातडी लाल व्हायच्या किंवा चुरचुरायच्या आत सावलीत यायचं. जास्त बसलं म्हणून जास्त मिळत नाही, एका मर्यादेनंतर कातडी स्वतःच ज्यादाचं मोडून टाकते, म्हणून उन्हामुळे डी चा ओव्हरडोस होत नाही, गोळ्यांनी मात्र होतो. आणि लगेच अंघोळ केली तर डी धुऊन जातं असं काही नाही, ते कातडीच्या आतल्या जिवंत थरात बनतं.

ज्यांना उन्हाची ॲलर्जी आहे, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे, उन्हाने रिॲक्शन येणारी औषधं चालू आहेत, त्यांनी ही पायरी सोडून द्यायची. पावसाळ्यात कोकण-मुंबईकडे महिनोन्महिने ढग असतात, तेव्हा मधेच ऊन पडलं की घेऊन टाका, आणि शरीरात थोडा साठा असतो त्यामुळे आठ दिवस चुकले म्हणून घाबरू नका.

पायरी ३ : टेस्ट लागते का ते ठरवा

धडधाकट माणसाने उगाच दरवर्षी ही टेस्ट करायची गरज नाही, एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या गाईडलाईननेही हेच सांगितलंय. हाडं दुखतात, जिना चढताना किंवा खाली बसून उठताना मांड्यांत ताकद नाही असं वाटतं, पडून हाड मोडलंय, किडनी-लिव्हरचा त्रास आहे, फिटचं औषध किंवा स्टेरॉइड बरेच दिवस चालू आहे, तर डॉक्टरांना विचारून करा. टेस्टचं नाव २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. कातडीतलं डी लिव्हरमध्ये जाऊन हे रूप घेतं, मग किडनी त्याला कामाचं बनवते, आणि साठा किती ते या मधल्या रूपावरून कळतं. २० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमी, १२ च्या खाली म्हणजे चांगलंच कमी. २० ते ३० बद्दल डॉक्टरांमध्येच मतं वेगळी आहेत, त्यामुळे २४ आलं म्हणून झोप उडवून घेऊ नका.

पायरी ४ : पावडर घेताना डोळे उघडे ठेवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मेडिकलमध्ये मिळणारी ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल ही आठवड्यातून एकदा घ्यायची असते, साधारण आठ आठवडे, मग डॉक्टर सांगतील तसं महिन्याला एक वगैरे. रोज नाही! चिठ्ठीवरचं नीट न वाचता रोज एक घेणारे लोक असतात आणि मग रक्तात कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी आणि शेवटी किडनीवर परिणाम, असं प्रकरण दवाखान्यात पोचतं. वार ठरवून घ्या, रविवार म्हणजे रविवार, कॅलेंडरवर खूण करा. डी तेला-तुपात विरघळणारं आहे म्हणून रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घेण्यापेक्षा जेवणानंतर किंवा दुधातून घेतलेलं बरं. मुतखडा झालेला असेल, टीबी किंवा किडनीचा आजार असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका. शेजारच्या काकूंना इंजेक्शनने बरं वाटलं म्हणून आपणही सहा लाखांचं टोचून घ्यायचं, हे तर अजिबात नको.

बाळांचं वेगळं. आईच्या दुधात डी फार कमी असतं, त्यामुळे जन्मापासून वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब देतात, किती थेंब म्हणजे ४०० ते बाटलीप्रमाणे बदलतं, बालरोगतज्ज्ञांकडून समजून घ्या. तेल लावून सकाळच्या उन्हात बाळाला ठेवलं की झालं, असं समजून थेंब बंद करू नका, मुडदूस अजूनही दिसतो.

पायरी ५ : खाण्यातून थोडंच, पण कॅल्शियम विसरू नका

बांगडा, तारली यांत बऱ्यापैकी डी असतं, अंड्याच्या बलकात थोडं, आणि शाकाहारी लोकांकडे जवळजवळ काहीच पर्याय नाही, फोर्टिफाइड म्हणजे वरून व्हिटॅमिन घातलेलं दूध-तेल सोडून. पिशवीवर निळं 'प्लस एफ' चिन्ह बघा, अशा एक लिटर दुधात २०० ते ३०० युनिट असतात, मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० ची. म्हणजे नुसत्या दुधावर भागत नाही. पण डी चं मुख्य काम आतड्यातून कॅल्शियम ओढून घ्यायचं, ते कॅल्शियमच पोटात नसेल तर ओढणार काय? दूध-दही, तीळ, आणि १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम देणारी नाचणी, भाकरी करा नाहीतर आंबील.

आता ते डी ने कॅन्सर टळतो, हार्ट ॲटॅक टळतो वगैरे जे फॉरवर्ड फिरतं त्याबद्दल. अमेरिकेत जवळपास २६,००० लोकांना घेऊन व्हायटल नावाची मोठी ट्रायल झाली, रोज २,००० युनिट विरुद्ध नुसती साखरेची गोळी असं काही वर्षं देऊन बघितलं, आणि २०१८ मध्ये निकाल आला की कॅन्सर किंवा हार्ट ॲटॅक-स्ट्रोक होण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. कमतरता असेल तर भरून काढा, हाडं आणि स्नायूंना त्याची गरज आहेच, पण आधीच पुरेसं असताना वरून ओतून काही खास होत नाही.

पायरी ६ : मुलं परदेशात असतील तर

लंडनला ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका खाली असतो की दुपारी उघड्या अंगाने उभं राहिलं तरी उपयोग नाही, थंडी वाजेल तेवढीच. तिकडची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, हिवाळ्यात सगळ्यांना रोज १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट घ्यायला सांगते, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांना वर्षभर घ्यायचा विचार करा म्हणते. तिकडचा रिपोर्ट नॅनोमोलमध्ये येतो, त्याला २.५ ने भागलं की आपला आकडा मिळतो. मुलाने फोनवर "आई, माझं ५० आलंय" असं सांगितलं तर भरपूर आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, ते आपले २० आहेत.