रेडिस अपडेट केलं म्हणता, पण चालू कोणतं आहे ते बघितलं का?

रेडिस म्हणजे मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचा रेडीशेल नावाचा बग जाहीर झाला, सुरक्षा-त्रुटींच्या यादीतला नंबर सीव्हीई-२०२५-४९८४४, धोक्याचा स्कोअर १० पैकी १०. तरी परवा नाशिकच्या सातपूरला एका ओळखीच्याच्या ऑफिसात बसलो तर तो म्हणे आमचं कधीच अपडेट झालं, आणि बघतो तर जुनंच चालू. म्हणून लिहितोय.

बग आहे यूज-आफ्टर-फ्री, सोडून दिलेली मेमरी परत वापरण्याचा. म्हणजे मार्केटात एकाने गाळा सोडला, दुसऱ्याने तिथे माल लावला, पण पहिल्याकडची चावी कोणी काढूनच घेतली नाही. इथे लुआ स्क्रिप्ट (रेडिसच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) अशी लिहितात की गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेली मेमरी साफ करणारा भाग, मेमरी सोडून देतो आणि त्या जागेचा जुना पत्ता, म्हणजे पॉइंटर, तसाच राहतो, मग त्यातून सँडबॉक्सच्या, म्हणजे स्क्रिप्टला घातलेल्या कुंपणाच्या, बाहेर पडून थेट सर्व्हरवर कोड चालवता येतो. कोडमध्ये हे साधारण १३ वर्षं पडून होतं! लॉगिन लागतं हे खरं, पण तुम्ही पासवर्डच ठेवला नसेल तर कसलं लॉगिन.

आता आधी व्हर्जन बघा. रेडिस-सर्व्हर डॅश डॅश व्हर्जन मारून खूश होऊ नका, ते डिस्कवरची फाईल सांगतं. रेडिस-सीएलआय, म्हणजे रेडिसला कमांड द्यायचं टूल, त्यामध्ये जाऊन इन्फो सर्व्हर मारा, चालू प्रोसेसचं व्हर्जन तिथे दिसतं. ६.२.२०, ७.२.११, ७.४.६, ८.०.४, ८.२.२ यातलं तुमच्या लाईनचं (६.२, ७.२ अशी जी असेल ती) किंवा त्यापुढचं पाहिजे. उबुंटूचं पॅकेज असेल तर नंबर जुना दिसूनही पॅच आलेला असू शकतो, चेंजलॉगमध्ये, म्हणजे पॅकेजच्या बदलांच्या नोंदीत, सीव्हीई नंबर शोधा.

सातपूरला घोळ डॉकरचा होता. डॉकरमध्ये इमेज म्हणजे सॉफ्टवेअरचा साचा, आणि कंटेनर म्हणजे त्यातून बनवून चालू केलेली प्रत. पठ्ठ्याने नवी इमेज पुल केली आणि डॉकर रीस्टार्ट मारला, पण रीस्टार्टने तोच जुना कंटेनर जुन्याच इमेजवर परत उठतो. डॉकर कंपोज वापरत असाल तर कंपोज पुल करून मग कंपोज अप डॅश डी करा, तेव्हा कंटेनर नवा बनतो. त्याआधी डेटा डिस्कवर उतरवायला बीजीसेव्ह मारा, लास्टसेव्हची वेळ बदलली का बघा, आणि व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर डेटा राहतो ती जागा) कुठे लावलाय ते नीट पाहून घ्या, नाहीतर रिकामं रेडिस समोर येईल आणि ऐन द्राक्ष सीझनमध्ये क्लायंटचा फोन.

लगेच अपडेट जमत नसेल तर एसीएलने, म्हणजे कोणत्या युजरला काय चालवता येईल त्या नियमांनी, डिफॉल्ट युजरचं स्क्रिप्टिंग बंद करा, म्हणजे एसीएल सेटयुजर डिफॉल्ट, पुढे मायनस ॲट स्क्रिप्टिंग. रेडिस ६ पासून चालतं. कॉन्फिग रीराईट मारायला विसरू नका, नाहीतर रीस्टार्टला हा नियम पुसला जाईल, आणि एसीएलची वेगळी फाईल असेल तर एसीएल सेव्ह. पण थांबा, लारावेलच्या क्यू, साइडकिक, बुलएमक्यू ही मागे जॉब चालवणारी टूल्स सगळी आतून लुआच वापरतात, त्यामुळे जॉब अडकतील. आधी स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, बघा.

आणि रेडिसचं पोर्ट ६३७९. यूएफडब्ल्यूमध्ये, म्हणजे उबुंटूच्या फायरवॉलमध्ये, बंद आहे म्हणून निवांत राहू नका, डॉकर स्वतःचे आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या नेटवर्क फिल्टरचे) नियम टाकतो, त्यामुळे पब्लिश केलेलं पोर्ट यूएफडब्ल्यूला न विचारताच उघडं राहतं. त्यात डॉकरच्या ऑफिशियल इमेजमध्ये प्रोटेक्टेड मोडही, म्हणजे पासवर्ड नसताना बाहेरच्यांना अडवणारी सोय, बंद असतो. कंपोज फाईलमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहा, रिक्वायरपास टाकून पासवर्ड ठेवा, आणि मग ऑफिसच्या वायफायवरून नको, मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून ते पोर्ट लागतंय का ते बघा.