बॅटरी बदलायच्या आधी अल्टरनेटर तपासा

बॅटरी सारखी उतरतेय म्हणून लगेच नवी टाकू नका, आधी अल्टरनेटर चार्ज करतोय का ते बघा, कारण इंजिन चालू झालं की गाडीला लागणारा करंट तोच देतो आणि बॅटरीपण तोच भरतो.

आत काय होतं तर बेल्ट पुली फिरवतो, पुलीबरोबर रोटर फिरतो, रोटरवर तारेची कॉइल असते आणि तिला कार्बन ब्रश अन् स्लिप रिंगमधून जेमतेम काही अँपिअर करंट मिळतो, म्हणजे तो फिरणारा इलेक्ट्रोमॅग्नेट झाला. त्याच्याभोवती स्टेटरची, म्हणजे न फिरणाऱ्या भागाची, तीन वाइंडिंग, त्यात एसी (सारखी दिशा बदलणारा करंट) तयार होतो, आणि बॅटरीला डीसीच (एकाच दिशेचा) लागतो म्हणून पुढे एसीचा डीसी करणारा डायोडचा रेक्टिफायर.

खरी कमाल व्होल्टेज सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची. इंजिनचे आरपीएम (मिनिटाला फेरे) ८०० असो की ४०००, व्होल्टेज १४ च्या आसपासच राहतं, आणि त्यासाठी तो बाहेर जाणारा मोठा करंट अडवत बसत नाही, फक्त रोटरचा छोटा करंट भराभर चालू-बंद करतो. व्होल्टेज वर गेलं की चुंबक कमजोर, खाली आलं की परत जोरात. इतकी साधी आयडिया आणि एवढं काम, मला तरी फार भारी वाटतं.

आता तपासणी. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, प्रोब वायरच्या क्लॅम्पवर नको, बॅटरीच्या शिशाच्या पोलवरच टेकवा, कारण मध्ये पांढरी बुरशी असेल तर रीडिंग फसवतं. गाडी काही तास बंद असताना साधारण १२.६ यायला हवं, चालू केल्यावर १३.८ ते १४.५. मग हेडलाइट, ब्लोअर सगळं लावून थोडी रेस द्या, १३.५ च्या खाली जायला नको. चालू गाडीतही १२ च्या घरातच असेल तर आधी बेल्ट ढिला आहे का बघा, मग ब्रश. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटरवर संशय, बॅटरीतलं पाणी उकळतं अशाने. मीटर एसीवर टाकून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर डायोड गेलाय समजा, असा डायोड कधीकधी रात्रभरात बॅटरीपण खाली करतो. नव्या गाड्यांत मात्र ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) मुद्दाम व्होल्टेज कमी-जास्त करतो, तिथे एका रीडिंगवर निकाल लावू नका.

आणि चालू गाडीत बॅटरीचा टर्मिनल काढून टेस्ट कोणी करत असेल तर थांबवाच, व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू उडू शकतो.

नुसते ब्रश झिजले असतील तर बऱ्याच अल्टरनेटरमध्ये ब्रश-रेग्युलेटरचा सेट वेगळा मिळतो, अख्खा अल्टरनेटर बदलायच्या आधी तेवढं विचारा.