मांजर लिटर बॉक्स सोडून गादीवर शू करायला लागलं तर काय करायचं

कालपर्यंत गुपचूप ट्रेमध्ये (म्हणजे लिटर बॉक्स, त्याच्या शू-शीसाठी माती भरलेला डबा) जाणारं मांजर एकदम गादीवर, पायपुसण्यावर नाहीतर धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर शू करायला लागलं की घरात सगळ्यात आधी म्हणतात, मुद्दाम करतंय, राग काढतंय. नाही हो, मांजर सूड म्हणून शू करत नाही. एकतर त्याला काहीतरी दुखतंय, नाहीतर तो ट्रे त्याला नकोसा झालाय, नाहीतर ते कशाला तरी घाबरलंय, आणि बघायचंही ह्याच क्रमाने.

घरात बोका असेल तर हे आधी वाचा. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते, त्यात क्रिस्टल, खडा किंवा चिकट पदार्थाचा बोळा अडकला की शू तुंबते. दिसतं कसं, तर तो सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, पाठ वाकवून जोर लावतो, थेंबभर येते किंवा काहीच येत नाही, मध्येच ओरडतो आणि बाहेर येऊन खालची जागा चाटत बसतो. बऱ्याच जणांना वाटतं शी होत नाहीये आणि मग तूप पाज, एरंडेल पाज असं सुरू होतं, त्यात महत्त्वाचे तास जातात. शू पूर्ण अडली तर १-२ दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्र असो की रविवार, जो दवाखाना उघडा असेल तिथे न्या, सकाळ होऊ दे म्हणून थांबू नका प्लीज. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल चुकूनही नाही, मांजराला ती विष आहे.

शू अडलेली नसली तरी बाहेर करायला लागलं की पहिली चक्कर व्हेटकडेच, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे. युरिन टेस्ट करून घ्या, गरज वाटली तर ते सोनोग्राफी सांगतील. तरुण मांजरांमध्ये बहुतेक वेळा जंतू सापडतच नाहीत, ब्लॅडरला सूज असते आणि ती टेन्शनने वाढते, त्यामुळे परस्पर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून काही होत नाही. वय झालेलं मांजर असेल तर किडनी, डायबेटिस (पाणी खूप पितं, शूही खूप) आणि सांधेदुखी. सांधे दुखणाऱ्याला उंच कडेच्या ट्रेमध्ये पाय टाकणंच जड जातं. एकदा ट्रेमध्ये दुखलं की मांजर दुखणं ट्रेशी जोडतं आणि बरं झाल्यावरही तिकडे फिरकत नाही, अशा वेळी वेगळा ट्रे, वेगळ्या जागी ठेवून बघा.

रिपोर्ट नॉर्मल आले की ट्रेकडे वळा, आणि एक दिवस फक्त बघत बसा. मांजर कडेवर पाय ठेवून अर्धवट बसतंय, पंजे झटकतंय, माती न उकरता पळतंय? म्हणजे त्याला लिटर, ट्रेमधली ती माती, आवडलेलं नाही. सेंटवालं लिटर आपल्या नाकासाठी असतं, त्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तेज. बारीक, बिनवासाचं, शू पडली की गोळे होणारं बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) बहुतेकांना चालतं, साधारण २ इंच थर द्या. ब्रँड बदलायचा तर जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत आठवडाभरात बदला, स्वस्त मिळालं म्हणून एका दिवसात सगळं बदललं की मांजर गादी शोधतं.

दुकानात मिळणारे ट्रे बहुतेक लहानच असतात. नाकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत मांजर मोजा आणि त्याच्या दीडपट लांब ट्रे घ्या, सामान ठेवायचा मोठा प्लॅस्टिकचा डबा एका बाजूने खाली कापून घेतला तरी मस्त काम होतं. झाकणवाल्या ट्रेमध्ये वास कोंडतो. संख्येचा नियम म्हणजे मांजरं असतील त्याहून एक ट्रे जास्त, आणि ते एकमेकांना चिकटून नकोत कारण मांजराच्या हिशेबाने तो एकच ट्रे झाला. वन बीएचकेत कठीण आहे मान्य, पण एक बेडरूममध्ये एक हॉलच्या कोपऱ्यात एवढं तरी जमवा. वॉशिंग मशीनशेजारी नको, खाण्याच्या वाटीजवळ नको, आणि पावसाळ्यात बाल्कनीत असेल तर आत घ्या, ओलं झालेलं लिटर कोणालाच नको असतं.

सफाई दिवसातून दोनदा, आणि ट्रे आठवड्यातून एकदा साध्या साबणाने धुवायचा. फिनेल आणि डेटॉल दोन्ही बंद!! त्यातली द्रव्यं मांजराच्या लिव्हरला पचत नाहीत, पंजे चाटल्यावर ती पोटात जातात. बाहेर जिथे शू केलीय तिथे आधी टिपून घ्या, मग पाळीव प्राण्यांच्या शूसाठी मिळणारा एन्झाइम क्लीनर ओतून बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ राहू द्या. नुसत्या साबणाने आपल्याला वास जातो, त्याला येत राहतो आणि ते परत तिथेच जातं. जागा सापडत नसेल तर अंधारात यूव्ही टॉर्च मारा, डाग चमकतात.

उभं राहून, शेपूट थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर फवारा मारत असेल तर ती हद्द आखणी. नसबंदी झाली नसेल तर करून घ्या, बहुतेक बोक्यांचं त्याने थांबतं. खिडकीबाहेर दुसरा बोका येऊन बसत असेल तर त्या काचेला खालच्या भागात कागद लावा.

राहिली भीती. नवीन बाळ, दुसरं मांजर, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग, दिवाळीचे फटाके, गणपतीत भरलेलं घर, काहीही असू शकतं. त्या दिवसांत त्याला एक शांत खोली द्या, तिथेच पाणी, लपायला खोका आणि दूरच्या कोपऱ्यात ट्रे. ओरडू नका, त्याचं नाक शूमध्ये घासू नका, त्याने ते तुमच्यापासून लपून करायला शिकतं आणि मग सोफ्याच्या मागे सापडतं. कधी, कुठे, किती शू झाली हे मोबाइलमध्ये लिहून ठेवा, आठवड्यात फरक नाही पडला तर तीच नोंद घेऊन परत व्हेटकडे जा, त्यांना त्यातून बरंच कळतं.