हवाई दलात वैमानिक व्हायचंय? अर्ज भरण्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

पुण्यातल्या वारज्यात माझे गणिताचे क्लास आहेत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे जाणारा एनडीए रोड हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दर बॅचमध्ये दोन-चार जण असतातच, "सर, फ्लाइंगला जायचंय" म्हणणारे. लोहगावहून उठलेलं सुखोई वरून गेलं की माझा खडू हातातच राहतो आणि सगळ्या माना खिडकीकडे वळतात. या पोरांचे फॉर्म तपासून देणं, त्यांच्या खोट्याखोट्या मुलाखती घेणं हे आता माझं जोडकामच झालंय. लेखी परीक्षेत आपटलेला पोरगा सहा महिन्यांनी परत बसतो. चुटपुट लावून गेले ते वेगळ्याच ठिकाणी अडकलेले.

सगळ्यात महाग चूक अकरावीच्या प्रवेशाला होते. दहावीला मार्क बरे पडतात, घरात 'डॉक्टर' हा शब्द निघतो आणि बायोलॉजी घेऊन गणित सोडलं जातं. एनडीएतून हवाई दलात जायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतं. पदवीनंतर एएफकॅट, म्हणजे हवाई दलाची स्वतःची प्रवेश परीक्षा, देऊ म्हणाल, तर तिथेही फिजिक्स आणि मॅथ्स पाठ सोडत नाहीत. गंमत म्हणजे पदवी कशातलीही चालते. बी.कॉम. झालेला मुलगा वैमानिक होऊ शकतो, फक्त पदवीला ६० टक्के हवेत आणि बारावीला हे दोन विषय. उलटं होत नाही.

वयाचं गणितही मुलं चुकवतात, माझीच मुलं असून. एनडीएला साडेसोळा ते साडेएकोणीस, एएफकॅटच्या फ्लाइंगला २० ते २४. पण हे वय फॉर्म भरायच्या दिवशीचं नाही, कोर्स सुरू होतो त्या दिवशीचं. मधे साधारण वर्ष जातं. "अजून चोवीस कुठे झालीत" म्हणत निवांत बसलेला मुलगा तेविसाव्या वाढदिवसालाच हुकलेला असू शकतो. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हातात असेल तर २६ पर्यंत सवड मिळते, पण त्या परवान्याचा खर्च किती घरांना झेपतो!

आता मापांकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण याबद्दल कोणी बोलतच नाही.

गेल्या दिवाळीत भाचा आला होता. सहा फूट दोन इंच. ताईच्या मते उंचीमुळे निम्मं काम झालंच होतं. मी त्याला हॉलमध्ये भिंतीला पाठ टेकवून, पाय सरळ पसरून जमिनीवर बसवलं आणि शिलाई मशीनच्या खणातला टेप काढला. पाठीमागच्या भिंतीपासून टाचेपर्यंत १०८ सेंटिमीटर. ठीक, ९९ ते १२० मध्ये बसतं. मांडी, म्हणजे भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत, ६३. कमाल ६४. मग जमिनीपासून डोक्यापर्यंत मोजलं, तर ९८. मर्यादा ८१.५ ते ९६. "परत मोज रे," ताई म्हणाली. तीनदा मोजलं. डोक्यावर पुस्तक ठेवून, केस दाबून. आकडा काही हलला नाही.

या मापांत रुसायला जागा नसते. कॉकपिटची काच वर ठरलेल्या उंचीवर असते. संकटात सीटसकट बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनेलला अडकू नयेत, म्हणून मांडीला मर्यादा. किमान उंची १६२.५ सेंटिमीटर, ती सगळ्यांना माहीत असते. बसल्यावरची उंची कोणालाच माहीत नसते. घरचा टेप म्हणजे शेवटचा निकाल नव्हे, तिकडे ते त्यांच्या साधनांनी मोजतात. पण दोन सेंटिमीटरचा फरक टेपच्या चुकीत जात नाही. भाच्याने पसंतीक्रमात नौदल वर घेतलंय. मामा म्हणून मला वाईट वाटलं, पण तीन वर्षं घालवून कळण्यापेक्षा हे बरं.

डोळ्यांचंही तसंच. लांबचं धूसर दिसणारा, मायनस नंबरचा चष्मा फ्लाइंगला चालत नाही. रंग ओळखण्यातला दोष तर माणसाला स्वतःला जाणवतही नाही. नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे वाचून या, दहा मिनिटांचं काम आहे. लेझर ऑपरेशनचे नियम एन्ट्रीप्रमाणे, म्हणजे भरतीच्या वाटेप्रमाणे, बदलतात. भरतीच्या जाहिरातीतलं वैद्यकीय परिशिष्ट वाचल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका. आणि टॅटू! कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागे चालतो. दंडावर महाराजांची राजमुद्रा काढून आलेल्या एका गुणी मुलाला हे सांगताना माझाच जीव खाली-वर झाला.

फॉर्ममधली चूक खास आपल्याकडची. राज्य मंडळाच्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. कुठे वडिलांचं पूर्ण नाव, कुठे नुसतं आद्याक्षर. दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरा आणि बाकीची कागदपत्रं आत्ताच त्याला जुळवून घ्या. निवड झाल्यावर नाही.

लेखी पार पडलं की निवड मंडळाचं बोलावणं येतं, आणि पुणेकरांना पहिला धक्का इथे बसतो. खडकवासला डोळ्यांसमोर असलं तरी तिथला रस्ता डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर किंवा वाराणसीसारख्या निवड केंद्रांवरून जातो. पहिल्याच दिवशी चाळणी लागते. धूसर चित्र ३० सेकंद पाहायचं, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात चर्चा. ही चर्चा हमखास मासळी बाजार होते आणि आमची मुलं दोन्ही टोकं गाठतात. एकतर गप्प, नाहीतर बोंबलत. निम्म्या आवाजात एक नेमका मुद्दा मांडणारा कानात राहतो.

पुढच्या मानसशास्त्रीय चाचण्यांत ६० शब्द येतात, एकेकावर वाक्य लिहायला १५ सेकंद. मनात मराठीत वाक्य जुळवून मग इंग्रजीत आणणाऱ्याचे दहा सेकंद तिथेच जातात. याला क्लास नाही. रोज दहा वाक्यं थेट इंग्रजीत लिहायची सवय लावा. पाठ केलेल्या, पुरातून गाव वाचवणाऱ्या हिरोच्या गोष्टी मात्र सोडा. तेच गाव शेजारच्यानेही वाचवलेलं असतं.

मुलाखत तुम्हीच भरलेल्या माहितीपत्रकावर चालते. परवा एकाने छंद लिहिला 'ट्रेकिंग'. विचारलं, शेवटचा सिंहगड कधी? "पावसाळ्यात, सर." कोणत्या वाटेने? "गाडीने." उंची? गप्प. समुद्रसपाटीपासून १,३१२ मीटर, पण प्रश्न आकड्याचा नव्हताच. दुसऱ्या एकीने लिहिलं होतं 'आजीला बँकेत नेणं'. तिच्याशी वीस मिनिटं बोलत बसलो. पासबुक, केवायसी, आजीची बहिरी बाजू, रांगेतल्या माणसांचा त्रागा.

शेवटी सीपीएसएस, संगणकावरची वैमानिक-योग्यता चाचणी. ही आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर फ्लाइंगचं दार कायमचं बंद, दुसऱ्या एन्ट्रीतूनही. सूचना सांगतात तेव्हा मुलं माना डोलावतात, आणि हातापायांचं काम एकदम सुरू झालं की गोंधळतात. न कळलेलं तिथेच विचारा, लाजू नका. आदल्या रात्री खोलीत पत्त्यांचा डाव रंगला तरी झोपा. आणि एएफकॅटच्या फॉर्ममध्ये ग्राउंड ड्युटीचे, म्हणजे विमान न उडवणाऱ्या शाखांचे, रकाने "मला फ्लाइंगच हवं" म्हणून रिकामे ठेवू नका. सीपीएसएसमध्ये नापास झालेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने ते भरले होते. तो आज गणवेशात आहे, आणि सुट्टीला आला की अजून क्लासच्या खिडकीतून वर बघतो.