"मॅडम, अधिक की वजा?" विचारणाऱ्या पोरांना शाब्दिक उदाहरणं कशी शिकवायची

दुसरी-तिसरीला शाब्दिक उदाहरण घातलं की अर्ध्या मिनिटात कोणीतरी विचारतंच, "मॅडम, अधिक करू की वजा?" उदाहरण वाचलेलं नसतंच, त्यातले दोन आकडे तेवढे उचललेले असतात. आता ह्यात पोरांना काय बोलणार, आपणच सांगितलंय ना की "एकूण" आलं की बेरीज, "उरले" आलं की वजाबाकी. हे देऊन बघा: राजूकडे ८ बोरं आहेत, मीनापेक्षा ३ जास्त, तर मीनाकडे किती? "जास्त" दिसलं रे दिसलं की ११ लिहून मोकळे!

म्हणून मी सुरुवातीला आकडेच काढून टाकते. "राजूकडे बोरं आहेत, मीनापेक्षा थोडी जास्त आहेत, मग कमी कोणाकडे?" बस, एवढंच विचारायचं. आकडे नाहीत म्हटल्यावर गोष्ट ऐकावीच लागते. मीनाकडे कमी हे त्यांच्या तोंडून आलं की मग ८ आणि ३ सांगायचे, ११ म्हणणारा स्वतःच जीभ चावतो.

मग चिंचोके मांडून दाखव म्हणायचं, नाहीतर चित्र काढ. चित्र म्हणजे चित्रकलेचा तास नव्हे हं, माझ्या वर्गात एक जण एसटीच्या खिडक्या रंगवत बसली आणि उदाहरण राहिलं बाजूलाच. गोळे आणि रेघा पुरे.

गोळ्यांची खरी मजा कोंबड्या-शेळ्यांत येते. डोकी ५, पाय १४, कोंबड्या किती, शेळ्या किती? पद्धत अजिबात सांगू नका, अंदाज करू द्या. आणि चुकलेला अंदाज खोडरबरने पुसू द्यायचा नाही, हे मी फार कडक पाळते, कारण ५ कोंबड्यांचे १० पाय, ४ कमी पडले, हे वहीत दिसलं तरच पुढचं सुचतं. एकाने ५ गोळे काढले, प्रत्येकाला दोन-दोन पाय दिले आणि म्हणाला, "४ उरले, ते ह्या दोघांना देतो, ह्या शेळ्या झाल्या." मी काही शिकवलंच नव्हतं!

उलटं जाण्यासाठी एसटी बरी. गाडीत आता १२ जण आहेत, मागच्या स्टॉपला ४ उतरले, ६ चढले, तर आधी किती होते? बाकांची एसटी करा, गर्दी परत मागे न्या, चढलेले उतरवा, उतरलेले चढवा, १० येतात. कागदावर गोंधळणारी पोरंसुद्धा हे धावत करतात. (आवाज होतो, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.)

जॉर्ज पोल्या नावाच्या गणितज्ञाने १९४५ साली चार पायऱ्या सांगितल्या, समजून घे, कसं करायचं ते ठरव, कर, परत बघ. आपण थेट तिसरीवर उडी मारतो आणि चौथीच्या आधी बेल होते. पण "परत बघ" म्हणजे बेरीज परत तपासणं एवढंच नाही, उत्तर परत गोष्टीत नेऊन ठेवायचं. एका रिक्षात ३ मुलं बसतात, १० मुलांना किती रिक्षा? भागाकार केला, ३ आले, बाकी १, खाली दोन रेघा मारून वही माझ्याकडे. मी फक्त विचारते, "हा बाकी १ घरी कसा जाणार?" वर्ग हसतो, एखादा म्हणतो "चालत", आणि मग कोणीतरी हळूच ३ चे ४ करतं.